विद्या आत, विद्यावंत उंबऱ्यावर

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १९०८ साली लाहोरहून मुंबईला आले आणि गांधर्व महाविद्यालय त्यांनी इथे सुरू केले. गाण्याचे महाविद्यालय ही गोष्ट त्या काळच्या गिरगावकराच्या सहज पचनी पडणारी नव्हती. महाविद्यालय म्हणजे चौपाटीवरचे विल्सन, नाहीतर एल्फिन्स्टन, नाहीतर भायखळ्याचे ग्रँट मेडिकल. गाणे शिकायचे ते बुवांच्या किंवा खाँसाहेबांच्या घरी राहून, पडेल ते काम करून, गुरूची मर्जी असेल तेव्हा आणि असेल तेवढे. त्याला हजेरीपट नाही, इयत्ता नाही, परीक्षा नाही. स्वतः पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे याच रीतीने शिकले होते. ती रीत मोडून त्यांनी घंटा, वेळापत्रक, छापील पुस्तके आणि प्रमाणपत्र आणले, आणि आपल्या मातीतली विद्या परक्या घाटाच्या इमारतीत बसवता येते का, हा प्रश्न मुंबईपुढे पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिला.

तो प्रश्न आज पुन्हा टेबलावर आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ या नावाने दोन श्रेयांकांचा विषय आला. दादर, परळ, गिरगाव इथल्या महाविद्यालयांत तो शिकवला जातो. शिकवणारे बहुतेक ठिकाणी त्याच महाविद्यालयातले इतर विषयांचे प्राध्यापक असतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण दोन श्रेयांकांच्या पलीकडे जाऊन, एक संपूर्ण महाविद्यालय आपल्या विद्येवर आणि संस्कृतीवर उभे करायचे झाले तर ते कसे असेल? या प्रश्नाला मुंबईने शंभरहून अधिक वर्षांत दिलेली उत्तरे गिरगावापासून लालबागपर्यंत पसरलेली आहेत. ती एकत्र ठेवून पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विद्येला प्रवेश मिळाला, पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या माणसांना अध्यापकाची खुर्ची मिळालीच असे नाही. अभ्यासक्रमात काय आहे यापेक्षा शिकवायला कोण बसले आहे, यावर अशा महाविद्यालयाची खरी परीक्षा होते, असे माझे मत या आढाव्यातून बनले आहे.

पलुसकरांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचा प्रयोग सर्वांत धाडसी होता. लाहोरचे महाविद्यालय त्यांनी ५ मे १९०१ रोजी काढले, तेही कोणा संस्थानिकाच्या आश्रयावर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर. मुंबईतही तोच मार्ग. उपदेशक वर्ग हा या संस्थेचा कणा होता. गरीब घरची मुले वर्षानुवर्षे संस्थेत ठेवून घ्यायची, जेवणखाण संस्थेचे, आणि शिकून झाल्यावर त्यांनी गावोगाव गाणे शिकवायचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही मंडळी या मुशीतून निघाली. स्वरलिपीची पुस्तके छापायला संस्थेचा स्वतःचा छापखाना होता. सँडहर्स्ट रोडला स्वतःची इमारत उभी राहिली ती मात्र कर्ज काढून. जलशांचे उत्पन्न त्या कर्जाला पुरेना, आणि विसाच्या दशकात इमारत लिलावात गेली. पलुसकर नाशिकला गेले, रामनामात रमले आणि १९३१ साली मिरजेत वारले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रवेशिका, विशारद, अलंकार या परीक्षा घेणारे मंडळ ते हेच.

इमारत गेली आणि परीक्षा टिकली, या घटनाक्रमाचा नीट विचार व्हायला हवा. परीक्षेने काय दिले ते आधी मान्य करू. मध्यमवर्गातल्या मुलींना गाणे शिकणे प्रतिष्ठेचे झाले, खेड्यातल्या शाळेला संगीतशिक्षक मिळाला. हे ऋण फार मोठे आहे. गेलेले मात्र मोजता येत नाही, कारण ते नोंदलेच गेले नाही. एक राग दोन-दोन वर्षे घोटून घेण्याची, शिष्याचा गळा पाहून तालीम बदलण्याची जी पद्धत होती, तिला वर्गाच्या वेळापत्रकात जागा नव्हती. आणि ‘सभ्य’ गायनशिक्षकाचे जे नवे चित्र तयार झाले, त्यात मुसलमान उस्ताद आणि कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया बसत नव्हत्या. नेमक्या त्याच काळात अल्लादिया खाँसाहेब मुंबईत होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडून तालीम घेत होत्या. जयपूर घराण्याची ती गायकी घरातच शिकली गेली आणि घरातच शिकवली गेली. मोगूबाईंनी किशोरी आमोणकरांना घडवले तेही घरीच. महाविद्यालयाला जी गोष्ट सर्वाधिक हवी असायला हवी होती, ती त्याच्या भिंतींबाहेर वाढत राहिली.

वाळकेश्वरला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे यांची वाट वेगळी. पारशी मंडळींनी १८७० साली काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी ऐकले, शिकले, शिकवले. मग वकिली सोडून देशभर फिरून उस्तादांकडून चिजा गोळा केल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतून लिहिली. दहा थाटांची त्यांची मांडणी आज उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र शिकवली जाते. त्यांचे महाविद्यालय १९२६ साली लखनौला निघाले. भातखंड्यांचा विश्वास लिखित शास्त्रावर होता, आणि उस्तादांना शास्त्र येत नाही ही त्यांची तक्रार होती. मला ती तक्रार अपुरी वाटते. ज्याच्या गळ्यातून पाचशे बंदिशी जशाच्या तशा निघतात त्याला शास्त्र येत नाही असे म्हणणे म्हणजे शास्त्र फक्त कागदावरच असते असे गृहीत धरणे होय. तरीही त्यांनी त्या बंदिशी कागदावर आणल्या नसत्या तर त्यांपैकी कितीतरी आज नसत्या, हेही तितकेच खरे.

या दोघांच्या मधली वाट ऑपेरा हाउसजवळ सापडते. प्रा. बा. र. देवधरांनी १९२५ साली ‘देवधर स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले. ते पलुसकरांचे शिष्य, पण घराण्याच्या कुंपणात राहिले नाहीत. निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडे ते स्वतः जात, त्यांना आपल्याकडे बोलावत, विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर बसवत. त्या गवयांची त्यांनी लिहिलेली चरित्रे आजही वाचावीत अशी आहेत. शिवपुत्र कोमकली हा मुलगा तिथे आला आणि कुमार गंधर्व म्हणून घडला, त्यामागे ही मोकळीक होती. परीक्षा आणि तालीम एकाच जागी नांदू शकतात, मात्र त्यासाठी संस्थाचालकाला उस्तादाच्या पायाशी बसण्याची तयारी लागते, हे देवधरांनी दाखवले. माझ्या मते गिरगावातला सर्वांत यशस्वी प्रयोग हाच.

गिरगावातून दादरला आलो की कीर्तन भेटते. अखिल भारतीय कीर्तन संस्थेचे कीर्तन महाविद्यालय दादरला आहे, आणि महाविद्यालयांच्या कुठल्याही चर्चेत त्याचे नाव निघत नाही याचे मला वाईट वाटते. नारदीय कीर्तन ही एकट्या माणसाने उभ्याने करायची गोष्ट. नमन, पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, मध्यंतरी बुक्का आणि हार, उत्तररंगात आख्यान. साकी, दिंडी, ओवी, कटाव या चाली अंगात भिनाव्या लागतात, झांजेवर हात बसावा लागतो, संस्कृत सुभाषितापासून कालच्या बातमीपर्यंत दाखले जिभेवर असावे लागतात, आणि समोर बसलेल्या माणसांचा अंदाज घेत आख्यान लांबवावे किंवा आवरावे लागते. भाषा, तत्त्वज्ञान, संगीत, नाट्य आणि वक्तृत्व यांचा इतका घट्ट गोफ कुठल्या पदवी अभ्यासक्रमात आहे? इथे शिकवतात ते कीर्तनकारच. पुष्कळ विद्यार्थी नोकरी करून संध्याकाळी येतात, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. ज्या व्यासपीठावर स्त्रियांचे उभे राहणे एके काळी मोठा वादाचा विषय होता, तिथे हे घडते आहे.

याच जातीची पण वेगळ्या परंपरेतली संस्था म्हणजे आळंदीची वारकरी शिक्षण संस्था. जोग महाराजांनी ती १९१७ साली स्थापन केली. फी नाही, विद्यार्थी माधुकरी मागून शिकत, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ, जोडीला पखवाज आणि गायन. चार वर्षांनी जो बाहेर पडतो तो गावात जाऊन सप्ताह उभा करतो. सरकारी अनुदान आणि विद्यापीठाची संलग्नता यांवाचून ही संस्था शंभरी ओलांडून गेली. लालबाग-परळच्या चाळींत जी भजनी मंडळे रात्र रात्र जागवत, त्यांची नाळ या परंपरेशी होती. लोकांना ज्या विद्येची रोज गरज असते तिच्या महाविद्यालयाला लोकच पोसतात. पलुसकरांच्या इमारतीचे कर्ज आणि आळंदीची माधुकरी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नव्या संस्थेने पहिला रुपया कशावर खर्च करावा हे पुरेसे स्पष्ट होते.

वैद्यकात ही लढाई कायद्याच्या पातळीवर गेली. प्रभुराम वैद्यांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आयुर्वेदाचे महाविद्यालय चालवायला घेतले. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकाचा कायदा झाला, डॉक्टरांची नोंदवही तयार झाली, आणि पुढच्या काही वर्षांत डॉ. पोपट प्रभुराम यांचे नाव त्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. आयुर्वेद महाविद्यालयाशी असलेला संबंध हेच कारण. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेला माणूस देशी वैद्यक शिकवतो म्हणून अपात्र ठरला. १९२१ साली असहकाराच्या वाऱ्यात भायखळ्याला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेच पुढे टोपीवाला. १९२६ साली परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती. या दोन संस्थांना आपण राष्ट्रीय म्हणतो, आणि त्या होत्याच. पण तिथे माणसे आपली आणि विद्या पश्चिमेची असा मेळ होता. आयुर्वेदाला वाट मिळाली ती १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक कायद्याने वैद्यांची नोंदणी सुरू झाल्यावर, आणि १९४१ साली वरळीला पोदार आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिल्यावर. त्यानंतर पन्नाशीच्या दशकात शुद्ध आयुर्वेद शिकवावा की मिश्र, यावर मुंबई राज्यात मोठे वाद झाले. ते इथे उगाळत नाही. दोन्ही पक्षांना ग्रंथ मान्य होते, भांडण ग्रंथासोबत आणखी काय शिकवावे एवढ्यापुरते होते. डोंगरातल्या मुळ्या ओळखणारा वैदू आणि चाळीतली सुईण यांना दोन्ही पक्षांनी मोजले नाही.

केईएममध्ये एक वेगळी गोष्ट मात्र घडली. डॉ. शरदिनी डहाणूकर या औषधशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांच्या पुढाकाराने १९८९ साली तिथे आयुर्वेद संशोधन केंद्र सुरू झाले. गुळवेलीवरचे त्यांचे आणि सहकाऱ्यांचे काम प्रसिद्ध आहे. वैद्याचा अनुभव हा प्रश्नाचा आरंभ मानायचा, आणि उत्तर मात्र आधुनिक कसोटीवर तपासून घ्यायचे, ही त्यांची रीत मला आदर्श वाटते. आंधळी भक्ती नाही आणि तुच्छताही नाही. बाईंनी मराठीत झाडांवर जे लिहिले तेही याच वृत्तीचे आहे. २००२ साली त्या अकाली गेल्या.

गिरगावात वाढलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांनी हाच धागा जगाच्या न्यायासनापुढे नेला. हळदीने जखम भरते या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या घराघरातली हळद वाचली. पण ती वाचली कशाने? जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुराव्यात दाखवता आले म्हणून. पुढे पारंपरिक ज्ञानाचा जो अंकीय संग्रह उभारला गेला तोही मुख्यतः संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांवरच. आजीच्या हातातली, पण कुठेच न लिहिलेली गोष्ट असती तर ती आपली आहे हे सिद्ध करणे फार अवघड गेले असते. कागदावर नसलेल्या विद्येला कोणी वाली नाही, आणि तशी विद्या आपल्याकडे लिहिलेल्या विद्येपेक्षा कमी नाही.

ग्रंथांतली विद्या जपणारी मोठी संस्था चौपाटीवर आहे. कन्हैयालाल मुनशींनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी भारतीय विद्या भवन स्थापले. मुंबादेवी संस्कृत महाविद्यालय, मुनी जिनविजयांच्या देखरेखीखालची ग्रंथसंपादने, रमेशचंद्र मजुमदारांनी संपादिलेला भारतीय इतिहासाचा अकरा खंडांचा प्रकल्प, हे काम टिकाऊ आहे. भवनाच्या शाखा आज देशापरदेशात आहेत. चौपाटीवरून उभे राहिलेले हे जाळे संस्कृत आणि अभिजात कलांभोवती फिरते. त्यात चौपाटीच्या वाळूवर जाळी सुकवणाऱ्यांची विद्या नाही, आणि संस्थापकांनी तसे वचनही दिलेले नव्हते. म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘भारतीय विद्या’ म्हटल्यावर एवढेच डोळ्यांसमोर येते हा दोष आपला, वाचणाऱ्यांचा.

या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत जास्त शिकवून जाते ते सिद्धार्थ महाविद्यालय. परळच्या बीआयटी चाळीत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या, परळच्याच दामोदर सभागृहातून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालवलेल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. पुढे फोर्टमधल्या ज्या इमारतींत ते गेले त्यांना नावे मिळाली बुद्ध भवन आणि आनंद भवन. औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय निघाले, त्या परिसराचे नाव नागसेनवन. धर्मांतर १९५६ चे. म्हणजे दीक्षेच्या दहा वर्षे आधी बाबासाहेबांनी या देशाच्या मातीतली, पण मुख्य प्रवाहाने गाडून टाकलेली बौद्ध परंपरा महाविद्यालयाच्या दारावर कोरली होती. पालीच्या अभ्यासाला त्यांनी मान दिला. स्वतः त्यांनी पालीचे व्याकरण आणि कोश यांवर परिश्रम घेतले.

तरीही हे महाविद्यालय भूतकाळाकडे तोंड करून बसलेले नव्हते. विज्ञान होते, १९५३ साली वाणिज्य आले, १९५६ साली कायदा आला. नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. दार सर्व जातींना उघडे होते आणि प्राध्यापक निवडताना जात पाहिली जात नव्हती. ‘आपली संस्कृती’ या शब्दांत आपण कोणाला धरतो आणि कोणाला वगळतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी इमारतीच्या नावापासून वर्गाच्या वेळेपर्यंत प्रत्येक गोष्टीतून विचारला. ज्यांना हजारो वर्षे विद्येपासून दूर ठेवले त्यांच्यासाठी परंपरेचा गौरव सरसकट असूच शकत नाही. आपल्या विद्येचे महाविद्यालय काढू पाहणाऱ्या आजच्या कुठल्याही मंडळींनी सिद्धार्थचा इतिहास आधी वाचावा. परंपरेतले काय घ्यायचे याइतकेच काय टाकायचे हेही तिथे ठरवलेले आहे.

दादरहून निघालेली आणखी एक वाट जंगलात जाते. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. माँटेसोरींची पद्धत त्यांनी आधीच आत्मसात केली होती. पण ती महागड्या साधनांची पद्धत गरिबाच्या अंगणात कशी न्यायची, या विचाराने त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ सोबत होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच गुरांमागे कुरणात गेली. बिया, शिंपले, पाने, खडे हीच शिकण्याची साधने झाली. या कामाचे मोल देशाने ओळखले. अंगणवाडीच्या कल्पनेला या कामातून मोठे बळ मिळाले. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. पाने आणि बिया वारल्यांच्या होत्या, शिक्षिका बाहेरून आलेल्या होत्या. पहिल्या पिढीत दुसरे काही शक्यही नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत काय व्हायला हवे, ते इतर देशांनी करून दाखवले आहे.

अमेरिकेत नावाहो जमातीने १९६८ साली स्वतःचे महाविद्यालय काढले, आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. परिसराची आखणी त्यांच्या पारंपरिक गोल घराच्या घाटाची, भाषा आणि इतिहास अभ्यासक्रमाच्या मध्यभागी, आणि कारभार जमातीच्या हाती. न्यूझीलंडमध्ये ओटाकी इथे १९८१ साली ते वानंगा ओ राउकावा निघाले, कारण तिथल्या माओरी वडीलधाऱ्यांच्या लक्षात आले होते की तरुण पिढीत आपली भाषा बोलणारा कोणीच उरलेला नाही. पुढे कायद्याने अशा वानंगांना विद्यापीठांशेजारी स्वतंत्र दर्जा मिळाला. इतके दूर जायला नको असेल तर केरळ कलामंडलम आहे. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली ते सुरू केले, त्यासाठी लॉटरी काढून पैसे उभे केले. कथकली शिकवणारे आशान तिथे पदवीवाचून आचार्य झाले, पहाटे तीन-चारपासून साधना चाले, आणि पुढे तीच संस्था अभिमत विद्यापीठ झाली. आधी गुरू, मग संस्था, मग मान्यता, असा त्यांचा क्रम. आपण बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातो.

आता परळ-लालबाग. गिरण्यांच्या काळात या दोन-तीन मैलांत कोकण, घाट, तेलंगण आणि उत्तरेकडून आलेल्या माणसांनी आपापल्या विद्या सोबत आणल्या. दशावतार, नमन, जाखडी, डबलबारी भजन, फडावरची लावणी. सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर सभागृह १९२२ पासून या कलांचे हक्काचे घर होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली निघाले आणि शाहिरी गिरणीच्या दारात आली. हे सगळे शिकवणारी शाळा कुठेच नव्हती, तरी ते शिकले जात होते, कारण चाळ, गल्ली आणि गाववाल्यांच्या खोल्या हीच शाळा होती. १९८२ च्या संपानंतर ती शाळा मोडली. गिरण्या बंद झाल्याचा हिशेब आपण कामगारांच्या संख्येत आणि जमिनीच्या एकरांत मांडतो. शिकण्याची जागा गेली हा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने कलिन्याला चांगले काम उभे केले, पण ज्या वस्तीत ही कला जगली तिथून कलिना दूर आहे.

एक विद्या मात्र इथे अजून जिवंत आहे, ती मूर्तिकारांची. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या कारखान्यांत वीस-बावीस फुटांची मूर्ती उभी राहते तेव्हा त्यामागे भार तोलण्याचे गणित असते. आतला सांगाडा, मागचा आधार, विसर्जनाच्या मिरवणुकीत बसणारे हादरे. शाडू किती मळायचा, तडा कुठे जाईल, साचा कधी सोडवायचा, हे हाताला कळते. डोळ्यांची आखणी तर घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाकडेच असते. विजय खातूंसारखा मूर्तिकार २०१७ साली गेला तेव्हा त्यांच्या मुलीने, रेश्माने, कारखाना पुढे चालवला. म्हणजे वारसा अजून घरातूनच जातो. गेल्या काही वर्षांत प्लास्टर ऑफ पॅरिसवरच्या बंदीवरून न्यायालयांत जे चालले, त्यात शाडूच्या मोठ्या मूर्ती कशा घडवायच्या हा प्रश्न खरोखर संशोधनाचा होता. त्यासाठी मूर्तिकार, रसायनशास्त्रज्ञ आणि स्थापत्य अभियंता एका टेबलाभोवती बसायला हवे होते. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, फोर्टला जे. जे. आहे, मध्ये लालबाग आहे. तरी या तिघांना एकत्र आणणारी संस्था नाही.

वरळी कोळीवाड्यातही तेच. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ सांगणारे, उधाण आणि भांग ओळखून डोल लावणारे जाणते अजून आहेत. समुद्रात भराव पडले, मासा कुठे हटला, हे त्यांना शास्त्रज्ञांच्या आधी कळते. त्यांचे म्हणणे जनसुनावणीत तक्रार म्हणून नोंदले जाते, वर्गात पाठ म्हणून नाही.

तंत्र म्हणून पाहिले तर आज अशा महाविद्यालयाच्या आड येणाऱ्या अडचणी पूर्वीइतक्या कडक नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली. आपल्या क्षेत्रात दीर्घ अनुभव असलेल्या माणसाला औपचारिक पदवी नसतानाही शिकवायला बोलावता येते. मात्र मंजूर पदांच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे आणि मुदत थोड्या वर्षांची. उद्योगातल्या अधिकाऱ्यांसाठी ही सोय वापरली जाते आहे. मूर्तिकारासाठी, कीर्तनकारासाठी, डोलकर कोळ्यासाठी ती वापरायला कायद्याची आडकाठी नाही, इच्छेची आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ पासून चालणाऱ्या समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब जगभर नेला आणि उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर आखाड्यातून थेट पदवी महाविद्यालय उभे केले. शरीराच्या विद्येला जे जमले ते हाताच्या आणि समुद्राच्या विद्येला का जमू नये?

मला दिसते ते महाविद्यालय लहान आहे. इमारत भाड्याची किंवा पालिकेच्या रिकाम्या शाळेची, कारण सँडहर्स्ट रोडचा अनुभव विसरता येत नाही. अध्यापकांत निम्मे पदवीधर, निम्मे जाणते, आणि दोघांचा पगार सारखा. ही सारखेपणाची अट मी सर्वांत वर ठेवेन. विद्यार्थ्यांत मूर्तिकारांची आणि कोळ्यांची मुले आधी, कारण त्यांनाच आज घरची विद्या सोडून कॉल सेंटरकडे जावे लागते. शिक्षण मराठीतून, कोळ्यांच्या आणि मालवणी बोलीला वर्गात मान. जातीने नेमून दिलेली कामे परंपरेच्या नावाने त्याच जातीच्या मुलांच्या माथी पुन्हा मारली जाणार नाहीत यासाठी दार दोन्ही बाजूंनी उघडे: मूर्तिकाराच्या मुलीला रसायनशास्त्र, आणि कोणाच्याही मुलीला मूर्तिकला. डहाणूकरबाईंची तपासण्याची शिस्त सर्व विषयांना लागू, म्हणजे जे टिकणार नाही ते नम्रपणे बाजूला ठेवता येईल.

आणि वर्षाची आखणीही नव्याने करावी लागेल. गणेशोत्सवाच्या आधीचे महिने कारखान्यात हात रिकामा नसतो, तेव्हा मूर्तिकलेचा वर्ग कारखान्यातच भरेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी जाणते मोकळे असतात, त्यांचे सत्र त्या दोन महिन्यांत. कीर्तनकारांचे चातुर्मासात बाहेरगावी दौरे असतात, म्हणून त्यांचे वर्ग नंतर. सिद्धार्थने १९४६ साली नोकरदार विद्यार्थ्यांसाठी घड्याळ बदलले होते. इथे शिक्षकांसाठी दिनदर्शिका बदलायची आहे. ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला मान्य होईल का, यावर पहिली मोठी वाटाघाट होणार, आणि त्या वाटाघाटीला संस्थाचालकांसोबत मूर्तिकार आणि कोळीही बसले पाहिजेत.